फ्र

बावीस वर्षं मी होड्यांवर नावं रंगवतोय.
सर्जेकोटच्या धक्क्यावर उभ्या आहेत माझ्या हातच्या
दोन माउल्या, एक दर्यादौलत
आणि शेवाळ घासता घासता पुसट झालेलं एक ‘रॉकेट’.
‘नेफ्रॉलॉजी’ मात्र कुंचल्याखाली कधी आलं नव्हतं.

इस्पितळातून चिठ्ठी मिळाली:
वरच्या ओळीत तो शब्द,
खालच्या ओळीत ‘मूत्रपिंड विभाग’,
पांढऱ्या जमिनीवर निळा रंग, बिल पंधरवड्यानं.

न सोपा. त्याची मात्रा वाऱ्यावर सोडलेल्या शिडासारखी.
अडतो तो फ्र.
फच्या पोटाखालची तिरपी रेघ
एका दमात ओढावी लागते,
थांबलात की ओघळ.

काचेपलीकडे, त्याच कोनात,
रुबिना सोलकर सुई घालत होती
बाबलच्या मनगटाच्या वर.

बाबल माझा थोरला. चाळीस वर्षं तांडेल.
डॉक्टरांनी शिरेला शीर जोडून दिलीय हातात,
तिथं बोट टेकलं तर थरथर लागते,
खाडीच्या तोंडाशी आलेल्या इंजिनासारखी.
‘‘बघ, बोट खयसर इली माझी,’’ म्हणतो.

दिवसाला तीन पेले पाणी.
शहाळं नाही, केळं नाही, सुक्या बांगड्याचा वासही नाही.
समुद्रात वाढलेला माणूस
घोट मोजतो,
जाळ्याचे शिसे मोजावेत तसे.

रुबिनाला शब्दांचा नाद.
नळीतल्या रक्तावरची नजर न काढता सांगते,
नेफ्रॉस म्हणजे वृक्क, ग्रीकांचा शब्द.
डायलिसिसही त्यांचाच, लायसिस म्हणजे सुटं होणं, सैल होणं.
‘‘म्हणजे गुंतलेला जाळा सोडवचा,’’ बाबल म्हणाला.
‘‘तेच. चार तास.’’

‘‘यवनच मां ते? मिरी न्हेवक येयत हय?
मिरी घेवन गेले
नि ह्यां ठेवन गेले.’’
खाटेवरचे तिघंही हसले,
मशीन तेवढं आपल्या लयीत फिरत राहिलं.

ती म्हणाली, तुमच्या विहिरीत चिऱ्यांच्या फटीत
नेचं उगवतं ना, तलवारीच्या पात्यासारखं?
त्याच्याही नावात नेफ्रॉस आहे.
पान उलटून बघा.

संध्याकाळी कठड्यावर पोट टेकून मी वाकलो.
लहानपणापासून त्या विहिरीचं पाणी शेंदलं,
पान कधी उलटलं नव्हतं.
खाली ठिपके होते. तपकिरी, ओळीनं,
एकेक काजूगराच्या आकाराचा,
तिळाहून लहान.
मोजायला लागलो आणि सोडून दिलं.
विहिरीला इतके.

दुसऱ्या दिवशी खालच्या ओळीची आखणी केली,
खडूनं सूत मारलं, म काढला, त काढला,
तेवढ्यात काचेवर टकटक.
बाबलनं मोकळ्या हातानं खूण केली, आत ये.

‘‘ता खालचा लिव नको.’’
का रे?
‘‘पिंड म्हटला की कावळो आठवता.
वरचो शब्द बरो. ग्रीकांचो.
कावळो त्येका वळखत नाय.’’

मी काहीच बोललो नाही.
बाहेर येऊन ओल्या फडक्यानं खडू पुसला,
सुताची रेघ तेवढी राहिली,
भरतीनं वाळूवर ठेवावी तशी.

आता महिना झाला.
पाटी टांगलीय. नेफ्रॉलॉजी निळं, ठसठशीत,
फ्रची रेघ एका दमात.
खाली हातभर कोरी पांढरी जागा.

साहेब जाता येता विचारतात, खालची ओळ कधी?
मी म्हणतो,
वरचा रंग अजून ओला आहे.